मुलींच्या हाताच्या उंचीवर

निळ्या पत्र्यांच्या आड शाळा अजून उभी होती. रिक्षावाल्याला मी तीनदा खूण सांगितली, तरी तो पुढे निघालाच होता. "इथं शाळा नाय मॅडम, इथं टॉवर होणारे," असं म्हणत त्याने सिंहगड रस्त्यावरून धायरीकडे वळल्यावर मला उतरवलं. पत्र्यांवर एक हसरं कुटुंब छापलेलं होतं. आईबाबा, दोन मुलं आणि एक कुत्रा, सगळे हिरवळीवर. त्यांच्या पायाशी शकुंतला उभी होती. पांढरी काठी मिटून पिशवीत ठेवलेली.

"ताई, आलात?"

"आले गं."

आदल्या दिवशी तिचाच फोन आला होता. "ताई, शाळा पाडतायत. पाडायच्या आधी एकदा येऊन जा. मला एकटीला जाववत नाही." शकुंतला या अंध मुलींच्या शाळेत आठ वर्षांची असताना आली, इथल्याच वसतिगृहात वाढली आणि पुढे इथेच शिक्षिका झाली. गेल्या जूनमध्ये संस्थेने जागा विकली आणि शाळा वाघोलीला एका भाड्याच्या इमारतीत नेली. पहारेकऱ्याने आम्हाला अर्धा तास दिला. पुढच्या आठवड्यात मशीन येणार, म्हणाला.

आत पाऊल टाकलं आणि मला कसलाच वास आला नाही. पूर्वी इथे दारातच वासांची गर्दी व्हायची. खोबरेल तेल, फिनेल, भिजवलेल्या मटकीचा दमट वास, ब्रेलच्या जाड कागदाचा वास, दुपारी तव्यावरच्या भाकरीचा खरपूस वास. आता नुसती धूळ, आणि तिलाही वास नव्हता. परसातला कडुनिंब तोडलेला. बुंध्यावर कोणीतरी पाण्याची बाटली विसरून गेलेलं.

शकुंतलाने काठी काढलीच नाही. डावा हात भिंतीला लावला आणि ती चालू लागली. सत्तेचाळीस वर्षांची, गुडघे दुखणारी, एरवी गंभीरपणे, तोलून बोलणारी ही बाई त्या व्हरांड्यातून जवळजवळ धावत गेली. मी दारातच थांबले. तिची बोटं भिंतीवरून सरकत होती आणि त्यांचा आवाज दारापर्यंत येत होता. इतकी वर्षं तो आवाज मी कुठेच ऐकला नव्हता.

व्हरांड्याच्या भिंतीवर जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलीने हात सहज सोडला तर जिथे टेकेल तिथे, वीतभर रुंदीची भाजलेल्या मातीची पट्टी आहे. सबंध शाळाभर, न तुटता. जेवणघराकडे जाताना तिच्यावर जोंधळ्याची कणसं उठतात. न्हाणीघराकडे पाण्याच्या लाटा. झोपायच्या खोल्यांकडे गोधडीचे टाके, आडवे, एकाखाली एक. जिन्याच्या चार पावलं आधी पट्टी एकदम गुळगुळीत होते. गुळगुळीत लागलं की सावध व्हायचं. ती पट्टी मी केली. म्हणजे, मी केली असं मी लोकांना सांगते. खरं तर कोणी काय केलं हे आता मलाही वेगळं काढून सांगता येणार नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. कलामहाविद्यालयातून शिल्पकला शिकून बाहेर पडलेली, एक प्रदर्शन केलेली, आणि त्या एका प्रदर्शनाच्या जोरावर फार ताठ मानेने वावरणारी. धायरी तेव्हा खेडं होतं. शाळेच्या जागेच्या एका बाजूला कांद्याचे वाफे, दुसऱ्या बाजूला जोंधळा, आणि मध्ये एक कच्चा रस्ता. शाळेचे आर्किटेक्ट होते ओगले. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे, पण बोलणं साठीतल्या माणसाचं. त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी मोठ्या उत्साहाने दर्शनी भिंतीचं चित्र घेऊन गेले. अठरा फुटांचा उगवता सूर्य आणि त्यात झेपावणारे पक्षी.

ओगल्यांनी ते टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आणि बराच वेळ बघितलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "बघणार कोण?"

मी एका कोपऱ्यावरचं वजन उगाच सरकवलं.

"मुलींना दिसत नाही. रस्त्याने बैलगाड्या जातात. बैलांसाठी काढायचं असेल तर तसं सांगा, मी जागा देतो."

परतीच्या बसमध्ये मी रडले. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं आणि गेले. ओगले बांधकामावर उभे होते. भिंती कमरेइतक्या आल्या होत्या. त्यांनी गळ्यातला पंचा सोडून डोळ्यांवर घट्ट बांधला आणि मला म्हणाले, "मला जेवणघरात न्यायचं नाही. मी जातो. तुम्ही फक्त मागून या, आणि काही झालं तरी बोलू नका." स्वतः काढलेल्या नकाशात तो माणूस सात पावलांत हरवला. भिंत चाचपत गेला, वळणावर कोपऱ्याची धार त्याच्या बरगडीत बसली आणि तो खाली बसला. पंचा काढला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"रज्जाकभाई," त्यांनी हाक मारली, "हा कोपरा पाडा."

रज्जाकभाई गवंडी. गंज पेठेतले, तीन पिढ्यांचे पुणेकर, हातात करणी असली की कोणाचं न ऐकणारे. "साहेब, कालच बांधलाय."

"म्हणून आज पाडा. उद्या आणखी पक्का होईल."

त्या दिवसापासून शाळेतला एकही कोपरा टोकदार राहिला नाही. भिंती वळू लागल्या. आणि वळणाऱ्या भिंतीवर हात न थबकता कसा जाईल याचा विचार करताना ती पट्टी जन्माला आली. कोणाच्या डोक्यातून आली? मी ओगल्यांचं नाव घेते, ओगले एके काळी माझं घ्यायचे, आणि रज्जाकभाई म्हणायचे, "बोलत बोलत झालं."

ते दीड वर्ष बोलत बोलतच गेलं. सकाळी कसब्यातल्या कुंभारवाड्यात माझं काम चाले. भट्टीतून निघणारा भुशाचा आणि शेणीचा धूर केसांत बसायचा. घरी आई म्हणायची, "तू येतेस की भट्टी येते?" ओल्या मातीला पहाटे एक गोड वास असतो, दुपारपर्यंत तो उडून जातो. दुपारी धायरीला गेलं की चुन्याचा, भिजवलेल्या विटांचा, रज्जाकभाईंच्या डब्यातल्या खिम्याचा वास. ओगले नकाशावर खडूने रेघा मारायचे, मी त्याच रेघांवर मातीचे तुकडे ठेवायचे, रज्जाकभाई दोघांच्याही चुका काढायचे. मी एकदा म्हटलं, पश्चिमेच्या खिडकीमुळे दुपारी पट्टीचा एक तुकडा तापेल, खिडकी सरकवा. ओगले थोडा वेळ पेन चावत बसले. मग म्हणाले, "सरकवायची नाही. तापू दे. तापलेला तुकडा आला की बागेचं दार." त्या वाक्याने मला इतका आनंद झाला होता की मी तो कोणाला सांगूही शकले नाही. दुसऱ्या माणसाच्या डोक्यात आपलं काम उजळतं, असं त्याआधी माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. नंतरही घडलं नाही.

मुली तेव्हा गावातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहत. मी नमुन्याचे तुकडे टोपलीत घालून त्यांच्याकडे न्यायचे. त्या मला 'मातीवाल्या बाई' म्हणत. शकुंतला नुकतीच बीडकडच्या एका खेड्यातून आलेली, कोणाशी न बोलणारी. तिच्या हातात मी कणसाचा तुकडा दिला. मला त्याचा फार अभिमान होता. तिने तो दोन्ही हातांनी फिरवला, नाकाला लावला आणि परत केला.

"ह्ये कणीस न्हाई."

"का गं?"

"दाणं असं झोपत न्हाईत. दाणं वर बघत्यात."

शाळेत आल्यापासून तिने उच्चारलेली ती पहिली वाक्यं होती, असं मागाहून तिथल्या बाईंनी सांगितलं. मी सबंध भट्टीचा माल बाजूला काढला आणि नव्याने कणसं केली, वर बघणाऱ्या दाण्यांची.

पट्टी बसवायचं काम रज्जाकभाईंनी स्वतः केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. एक तुकडा बसवायचा, डोळे मिटायचे, जोडावरून तर्जनी फिरवायची. लागलं की काढायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. "बाई, जोड हाताला लागला तर पोरगी तिथं थांबंल. तिला वाटंल काहीतरी सांगतायत." दिवसाला सहा हातांपेक्षा जास्त काम होत नसे. ओगले एरवी उशिराबद्दल कोणालाही सोलून काढत, पण रज्जाकभाईंना त्यांनी कधी घाई केली नाही.

मग त्या आल्या. चाळीस मुली, नव्या फ्रॉकमध्ये, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात अशी लांबच लांब माळ करून. दारात बाईंनी पहिलीचा हात पट्टीवर ठेवला. माळ हळूहळू आत सरकली. आधी पूर्ण शांतता. मग खांद्यावरचे हात एकेक करून सुटले. माळ तुटली, आणि त्या धावू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकेकट्या धावणाऱ्या मुली! मातीवरून सरकणाऱ्या तळहातांचा आवाज, सुकलेल्या पिकातून वारा जावा तसा, आणि मधूनच "लाटा! इथं लाटा हायत!" अशी किंकाळी. रज्जाकभाई डोळे पुसत होते. ओगले आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"चला," ते म्हणाले, "आता आपण निघायला हरकत नाही."

मला वाटलं होतं, ही सुरुवात आहे. पुढे सगळं आयुष्य असंच जाणार. दवाखाने, वाचनालयं, बसथांबे, सगळीकडे आम्ही तिघं भांडत, पाडत, पुन्हा बांधत.

तसं काही झालं नाही. शहर वाढलं, ओगल्यांचं ऑफिस वाढलं. काही वर्षांनी त्यांचा फोन आला. काचेची एक मोठी इमारत पूर्ण होत आली होती. "रिसेप्शनच्या मागची भिंत भकास दिसते. काहीतरी लावायला हवं." लावायला. मी म्हटलं, "कॅलेंडर लावा," आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी एका शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले. आता श्रावणात सोसायट्यांमधून शाडूचे गणपती करायला शिकवते. मुलं हौसेने करतात, आया फोटो काढतात.

अर्धा तास संपत आला तेव्हा मी शकुंतलाला घेऊन बाहेर आले. पत्र्यांवर, हसऱ्या कुटुंबाच्या खाली, बारीक अक्षरांत नव्या प्रकल्पाची माहिती होती. चष्मा लावून मी ती वाचली. आर्किटेक्ट म्हणून ओगल्यांचं नाव होतं.

"ताई, काय झालं?" शकुंतलाने विचारलं.

"काही नाही. ऊन आहे."

त्याच संध्याकाळी मी ओगल्यांकडे गेले. इतक्या वर्षांनी. दार त्यांनीच उघडलं. फार वाळले होते. ओळखायला एक क्षण लागला, मग म्हणाले, "या. मला वाटलंच, तुम्ही याल." पाणी त्यांनी स्वतः आणून दिलं.

"शाळेच्या पत्र्यांवर तुमचं नाव आहे," मी म्हटलं. "मुलं ऑफिस चालवतात आता, त्यांनी वापरलं असेल. तुम्हाला माहीत नसेल."

"माहीत आहे. सही माझीच आहे."

"अहो, तुम्ही सही केलीत?"

"संस्थेने विकायचं ठरवलं होतं. मी नसतो तर दुसरा असता."

"मग असू द्यायचा होता दुसरा!"

खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची जाळी लावलेली बाल्कनी होती, त्यात कबुतरं. ओगले तिकडेच बघत राहिले.

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं," ते म्हणाले. "पेन दोनदा खाली ठेवलं. मग केली." माझ्याकडे वळून म्हणाले, "पट्टी काढून घ्या. मी त्यांना सांगतो, दोन दिवस थांबतील. वाघोलीला बसवा. तेवढं मी करू शकतो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तसं ठरवूनच मी गेले होते. पण त्यांचा शर्ट मानेभोवती फार सैल झाला होता. मी पाणी प्यायले आणि उठले. दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा ते म्हणाले, "ती गरम तुकड्याची कल्पना तुमची होती, बरं का." मी म्हटलं, "नाही, तुमची होती." दार मिटेपर्यंत आमचं तेवढंही एकमत झालं नाही.

रज्जाकभाईंना शोधायला वेळ लागला नाही. ते अजून गंज पेठेतच होते. ऐंशीला टेकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी सगळं सांगितलं. त्यांनी पलंगाखालून छिन्नी-हातोड्याची पिशवी ओढली आणि चपला घातल्या.

शकुंतलाही शाळेत आली. रज्जाकभाईंनी जेवणघराच्या वळणापासून सुरुवात केली. जोड कुठे आहे तेच सापडेना. डोळे मिटून ते पट्टीवरून तर्जनी फिरवत राहिले, एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी अंदाजाने छिन्नी टेकवली आणि हलकेच ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला कणसाचे चार तुकडे झाले आणि मागचं प्लॅस्टर निघून आलं. त्यांनी पुढचा प्रयत्न केला. तोही फुटला. लाटांपाशी केला, गोधडीच्या टाक्यांपाशी केला. पट्टी भिंतीपासून वेगळी व्हायला तयार नव्हती. भिंतीसकट यायची, किंवा भुगा होऊन यायची.

घामाने सदरा पाठीला चिकटलेला, रज्जाकभाई खाली बसले.

"बाई, मीच बसवलंय," ते म्हणाले. "निघणार नाही."

"थोडं तरी..."

"काढायचं म्हणून बसवलंच नव्हतं ना."

शकुंतला जमिनीवर बसून तुकडे गोळा करत होती. एकेक उचलायची, बोटांनी सगळीकडून बघायची, बाजूला ठेवायची. बराच वेळ तिचं हेच चाललं. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, आता यातलं कशाचं काय आहे ते कळत नाही."

आम्ही तुकडे तिथेच ठेवले. रज्जाकभाईंनी हत्यारं पुसली आणि भिंतीला हात लावून ते उठले. मशीन आलं त्या दिवशी मी गेले नाही. शकुंतलाही गेली नाही. ओगले गेले होते की नाही, मला माहीत नाही.

पंधरा दिवसांनी शकुंतलाने मला वाघोलीला बोलावलं. मुलींना मातीकाम शिकवाल का, म्हणाली. रविवारी सकाळी मी गेले. नगर रस्त्याच्या गर्दीतून आत, कॉलेजांच्या आणि नव्या सोसायट्यांच्या मधोमध, आधी कुठल्याशा कोचिंग क्लासची असलेली तीनमजली इमारत. स्वच्छ. उजेड भरपूर. भिंतींना छातीपर्यंत चकचकीत पांढऱ्या फरशा, सगळ्या मजल्यांवर सारख्याच. सगळी दारं सारखी, सगळे कोपरे काटकोनात. कोपऱ्यांना कोणीतरी फोमच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यातल्या काही सुटून लोंबत होत्या. आणि शांतता होती. इतक्या मुली असलेल्या जागेत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर शकुंतलाचा वर्ग शोधत असताना ती मला दिसली. सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, निळा फ्रॉक. लांब व्हरांड्याच्या बरोबर मध्यावर, एक तळहात फरशीवर सपाट टेकवून, एकटी उभी. मी जवळ गेले तशी तिने मान वळवली.

"कोण?"

"मी पाहुणी आहे, बाळा. इथे का उभी?"

"जेवायला जायचंय."

"मग जा की."

"असं जायचं नसतं," तिने मला समजावलं, मोठी माणसं समजावतात तसं. "कुणीतरी येईपर्यंत थांबायचं असतं."

"मी आलेय ना आता. चल."

तिने लगेच माझा हात धरला. तिचा तळहात फरशीने गार पडला होता. मी दोन्ही बाजूंना पाहिलं. उजवीकडे पाच पांढरी दारं, डावीकडे पाच पांढरी दारं, दोन्ही टोकांना एकसारखे जिने.

"कुठल्या बाजूला गं?" मी विचारलं.

"तुम्हाला दिसतं ना?" ती म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला. आम्ही दोघी तिथेच थांबलो, कुणीतरी येईपर्यंत.